शिबिरातील रोजच्या सॅकमध्ये काय असावे?

प्रश्न : माझी मुलगी जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील कांडरश्टेग येथील आंतरराष्ट्रीय स्काउट केंद्रात शिबिराला जात आहे. दिवसभराच्या भटकंतीसाठी छोट्या सॅकमध्ये काय द्यावे?

उत्तर : कांडरश्टेग सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे आणि आल्प्समध्ये सकाळी लख्ख ऊन असले तरी दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, म्हणून वीस-पंचवीस लिटरच्या सॅकमध्ये रेनकोट आणि लोकरीचा स्वेटर सर्वांत आधी ठेवावा. सुती कपडा भिजल्यावर लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब घालवतो, त्यामुळे सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकचा सुती टी-शर्ट तेथे मुळीच देऊ नये. लिटरभर पाणी, टोपी, सनस्क्रीन आणि थोडी चिक्की पुरे. नेहमीची औषधे व पासपोर्टची छायाप्रत प्लास्टिकच्या पिशवीत द्यावी. भरलेली सॅक तिने स्वतः घेऊन तासभर चालून पाहावे, हा माझा आग्रह आहे.