जॅकेट ५६ हजारांचं, पण अंगाला बसतं का?

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४१, उंची पाच फूट दहा इंच, वजन ११८ किलो. दोन वर्षांपूर्वी अंदमानात स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स (पहिल्या पायरीचा) केला, तेव्हापासून वर्षाला साधारण दहा डाइव्ह होतात, कधी मालवणला, कधी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला. सेंटरवर भाड्याने मिळणारं बीसीडी (पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) अंगाला बसत नाही, म्हणून स्वतःचं घ्यायचा विचार आहे. एका विक्रेत्याने ट्रिपल एक्सएल जॅकेट ६२,००० रुपयांना सांगितलं आहे. महिनाअखेरपर्यंत रोख दिले तर दहा टक्के सूट, नाहीतर बारा महिन्यांचा 'नो कॉस्ट' ईएमआय. दुसरा पर्याय ॲल्युमिनियमची बॅकप्लेट (पाठीवरची प्लेट), हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि विंग (पाठीमागची हवेची पिशवी), मिळून ६६,००० रुपये. सोबत रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाने श्वासात घ्यायचं साधन) आणि डाइव्ह कॉम्प्युटरही (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) घ्यावा असा विक्रेत्याचा आग्रह आहे. पत्नीला हा सगळा खर्च वायफळ वाटतो. 'भाडं वाचेल, काही वर्षांत पैसे वसूल होतील, हे माझं गणित बरोबर आहे का?' असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचं गणित चूक आहे, हे आधी स्पष्ट सांगते. आणि तरीही तुम्ही खरेदी करावी असंच माझं मत आहे. फक्त आत्ता नाही, आणि ते जॅकेट तर नाहीच.

आधी गणित पाहू. तुम्हीच लिहिलं आहे की स्वतःचं जॅकेट नेलं तर सेंटर एका डाइव्हमागे ३०० रुपये कमी घेतं. वर्षाला दहा डाइव्ह म्हणजे ३,००० रुपये वाचले. जॅकेटच्या सर्व्हिसिंगला विक्रेता वर्षाला २,५०० सांगतो. हाती राहिले ५००. सूट धरून ५५,८०० रुपयांचं जॅकेट या हिशेबाने वसूल व्हायला शंभरहून जास्त वर्षं लागतील. सर्व्हिसिंग बाजूला ठेवलं तरी १८६ डाइव्ह, म्हणजे अठरा वर्षांपेक्षा जास्त. तेव्हा वहिनींना 'यात पैसे वाचतात' असं सांगू नका. त्यांची शंका रास्त आहे. हा छंदावरचा खर्च आहे आणि घरात तो छंदाचा खर्च म्हणूनच मांडा.

पण भाडं विरुद्ध खरेदी ही तुलनाच तुमच्या बाबतीत लागू पडत नाही. जो माणूस मीडियम साइझमध्ये बसतो, त्याला भाड्याने चांगली वस्तू मिळते. तुम्हाला ती मिळतच नाही.

हे मी जवळून पाहिलं आहे. माझा धाकटा भाऊ तुमच्याच बांध्याचा. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं पश्चिम किनाऱ्यावर एका ठिकाणी डाइव्हला गेलो होतो. सेंटरवरचं सगळ्यात मोठं जॅकेट त्याला दिलं. कमरेचा वेल्क्रोचा पट्टा पोटावर जेमतेम दोन बोटं चिकटला. बोटीवर उभं असताना ठीक दिसत होतं. पाण्यात उडी मारून त्याने जॅकेटमध्ये हवा भरली आणि चर्रकन आवाज करत तो पट्टा सुटला. जॅकेट वर सरकून कानापर्यंत आलं, सिलिंडर पाठीवरून उजव्या कुशीत घसरला. खाली गेल्यावरही तो सगळा वेळ एका हाताने जॅकेट खाली ओढत होता. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब २०० बारच्या आसपास असतो; बावीस मिनिटांत त्याचा काटा ५० बारवर आला. माझ्या सिलिंडरमध्ये तेव्हा ११० शिल्लक होते. तो घाबरला नाही म्हणून निभावलं. वर आल्यावर मास्क काढून तो एवढंच म्हणाला, "ताई, मी मासे पाहिलेच नाहीत." दहा डाइव्हचे पैसे भरून मासे न पाहणं हा तुमच्या ताळेबंदातला खरा तोटा आहे, आणि सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. म्हणून माझा कौल खरेदीच्या बाजूने.

आता कोणतं घ्यायचं. जॅकेट पद्धतीच्या बीसीडीत हवेची पिशवी कुशीतून पुढे छाती-पोटापर्यंत येते. हवा भरली की ती आतल्या बाजूनेही फुगते. अंग मोठं आणि माप नेमकं नसेल तर नेमकं पृष्ठभागावर, जिथे निवांत श्वास घ्यायचा असतो तिथेच, बरगड्या आवळल्या जातात. विंगमध्ये हवा पूर्णपणे पाठीमागे असते. धातूची प्लेट पाठीवर, तिच्यातून ओवलेला पाच सेंटिमीटर रुंद एकच अखंड पट्टा खांद्यांवरून कमरेला येतो, आणि एक पट्टा पायांमधून जाऊन सगळं खाली धरून ठेवतो. भावाच्या जॅकेटचं जे झालं ते हा पायांमधला पट्टा होऊ देत नाही. विंगची एक सवय करून घ्यावी लागते: पृष्ठभागावर जास्त हवा भरली तर ती तोंडावर पुढे ढकलते, तेव्हा आरामखुर्चीत रेलल्यासारखं मागे झुकायचं. दोन-तीन डाइव्हमध्ये अंगवळणी पडतं.

पैशांच्या दृष्टीने मला विंग पटण्याचं मुख्य कारण तुमच्या पत्रातल्या एका ओळीत आहे, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. डॉक्टरांनी पंधरा किलो उतरवायला सांगितलं आहे आणि चार महिन्यांत सहा किलो उतरलेही आहेत. अभिनंदन! पण मग आजच्या मापाचं ट्रिपल एक्सएल जॅकेट वर्षभराने तुमच्या अंगावर सैल पडेल आणि ५५,८०० रुपये कपाटात लटकत राहतील. एवढ्या मोठ्या मापाला आपल्याकडे जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळणं अवघड. हार्नेसचा पट्टा मात्र वजन उतरलं की ओढून आखूड करता येतो, पुन्हा वाढलं तर सैल. शिवाय बॅकप्लेटच्या भोकांमधलं अंतर बहुतेक कंपन्यांचं सारखंच, ११ इंच, असतं. त्यामुळे उद्या विंग बदलायची झाली तर प्लेट तीच राहते, आणि विकायची झाली तर घेणारा कोणत्याही अंगाचा चालतो.

विक्रेता एक गोष्ट नक्की म्हणेल: 'तुम्ही मोठे, म्हणजे मोठी विंग लागणार', आणि पाच-सात हजार जास्त सांगेल. हे थोडं समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. अंगातली चरबी तुम्हाला वर ढकलते हे खरं, पण ते बळ खोलीनुसार बदलत नाही. ते कमरेला शिसं बांधून एकदाच मिटवायचं असतं. विंगने सांभाळायच्या दोन गोष्टी मुख्य. पहिली, भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेचं वजन. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला ते अडीच किलोच्या आसपास असतं आणि डाइव्हभर कमी होत जातं. दुसरी, वेटसूट (ऊब देणारा, फोमसारख्या रबराचा अंगाबरोबरचा पोशाख). दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, सूटमधले हवेचे बुडबुडे चेपतात आणि त्याचं तरंगण्याचं बळ घटतं. आपल्या कोमट पाण्यात ३ मिलिमीटरचा सूट आणि एकच सिलिंडर असेल, आणि सगळं शिसं विंगवरच न लादता काही कमरेला बांधलं, तर १३-१४ किलो उचलणारी विंग पुरते. गरजेपेक्षा मोठी विंग पाठीवर फडफडते, त्यातली हवा इकडून तिकडे पळते आणि नवख्या माणसाला तोल सांभाळणं कठीण जातं. मोठं माप अंगासाठी लागतं, मोठी उचल नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढं विक्रेत्याला ठामपणे सांगा.

प्लेट ॲल्युमिनियमची की स्टीलची? स्टीलची अडीच-तीन किलोची असते, तेवढं शिसं कमरेवरून कमी होतं, आणि तुम्हाला शिसं जास्तच लागत असणार. पण पुन्हा अंदमानला विमानाने जायचं झालं, तर देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो सामानच फुकट असतं. शिसं तर प्रत्येक सेंटरवर मिळतं. म्हणून ॲल्युमिनियम.

घेण्याआधी दुकानातल्या आरशात पाहून ठरवू नका. सूट घालून त्यावर चढवा, सिलिंडर लावा, झडपेतून जादा हवा बाहेर पडेपर्यंत फुगवा आणि पोटभर श्वास घ्या. छातीला अडलं तर ते तुमचं नाही. कोणालातरी मागून सिलिंडर धरून वर उचलायला सांगा. खांद्यावर तीन-चार बोटांपेक्षा जास्त उचललं गेलं तर सैल आहे. डोळे मिटून डावीकडचा इन्फ्लेटर (हवा भरायची-सोडायची बटणं असलेली नळी) आणि मागे खालची हवा सोडायची दोरी, दोन्ही हाताला लागली पाहिजेत. मोठ्या पोटाच्या माणसाचा हात मागच्या दोरीपर्यंत पोचत नाही, असं पुष्कळदा होतं. दोरी लांब करून घेता येते, ती दुकानातच करून घ्या. आणि ६६,००० मोजण्याआधी ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला की विंग भाड्याने देणारं सेंटर फोनवर शोधून दोन डाइव्ह करून पाहा. पावसाळ्यात किनारा बंदच आहे, मग महिनाअखेरच्या सवलतीची घाई कशाला?

त्या 'नो कॉस्ट' ईएमआयबद्दल. रोख दिले तर ५५,८००, हप्त्याने दिले तर ६२,०००, म्हणजे दरमहा ५,१६७. हे कर्जच झालं, आणि हिशेब मांडला तर व्याज वर्षाला सुमारे २० टक्के पडतं. बँकेची प्रोसेसिंग फी आणि जीएसटी वेगळे. तुमच्या घरकर्जाच्या दुपटीहून महाग पैसे छंदासाठी उचलू नका.

मग पैसे आणायचे कुठून? तुम्ही लिहिल्याप्रमाणे हातात येणारा पगार १,०४,०००, घरखर्च ४८,०००, घरकर्जाचा हप्ता २९,०००, एसआयपी १२,०००. उरतात १५,०००. अडीअडचणीसाठी ठेवलेली एफडी १,६०,००० ची, म्हणजे हप्ता धरून जेमतेम दोन महिन्यांचा खर्च. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी काळजी हीच वाटली. ती एफडी मोडायची नाही, आणि एसआयपीही थांबवायची नाही. उरलेल्या १५,००० पैकी ७,००० दरमहा त्या राखीव रकमेत घाला आणि ८,००० वेगळ्या आरडीत. जुलै ते डिसेंबर सहा महिन्यांत ४८,००० जमतील. दिवाळीच्या ८०,००० बोनसपैकी १८,००० यात घाला, झाले ६६,०००. बोनसचे राहिलेले ६२,००० वहिनींशी बोलून ठरवा, पण त्यातले निदान चाळीस हजार राखीव रकमेत जावेत असं मी सुचवेन. डिसेंबरच्या मालवणच्या फेरीआधी विंग तुमच्या हातात असेल, आणि कोणाचं देणं नसेल.

रेग्युलेटर आत्ता नको. तो सगळ्यांना सारखाच बसतो, भाड्याचा चालतो. फार तर तोंडात धरायचा रबरी तुकडा स्वतःचा घ्या, काही शे रुपयांत मिळतो. कॉम्प्युटर पुढच्या वर्षी पाहू.

विम्याचं एक काम मात्र या आठवड्यातच करा, त्याला खर्च नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत साहसी खेळांचं कलम असतं. आपल्याकडच्या प्रमाणित शब्दांत स्कूबाचं नाव घेऊन जे वगळलं आहे, ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी. तुम्ही हौशी आहात, पण तुमच्या पॉलिसीतले शब्द तेच आहेत का, हे स्वतः वाचा आणि कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. अपघात विमा आणि प्रवास विम्याची कलमं बरेचदा याहून कडक असतात. विंगच्या आधी डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या डायव्हिंगच्या विम्याची चौकशी करा. रक्तदाबाची गोळी सुरू असल्याचं तुम्ही लिहिलं आहे, तेव्हा डाइव्हसाठी योग्य असल्याचं डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि विमा कंपनीपासून ती गोळी लपवू नका.

विंग घरी आली की प्रत्येक फेरीनंतर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा. इन्फ्लेटरच्या बटणात मिठाचे कण अडकले की बटण दाबलेलंच राहतं, हवा भरत जाते आणि माणूस झपाट्याने वर फेकला जातो. अर्धी फुगवून सावलीत वाळत टाका. सर्व्हिसिंगचे २,५०० दरवर्षी सप्टेंबरमध्ये, हंगामाच्या आधी, बाजूला काढून ठेवा.