थापांची वही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. सतत थापा मारणाऱ्या मुलाची, त्याच्या मोठं होण्याची कादंबरी तू लिहायला घेतली आहेस. प्रकरणांना हात घालण्याआधी एक वही कर. प्रत्येक थापेला अर्धं पान: कुणाला मारली, कधी, नेमक्या कोणत्या शब्दांत, त्या क्षणी त्याला काय हवं होतं, खरं कुणाला ठाऊक आहे, आणि ती निभवायला पुढे काय काय करावं लागेल. शेवटचा रकाना सगळ्यात मोठा ठेव. कथानक तिथूनच निघतं.

समज, मिरजेतला नववीतला मुलगा वर्गात सांगतो, 'बाबा दुबईला असतात.' वडील खरं तर घर सोडून गेलेत. आता या एका वाक्याचा खर्च बघ. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. रात्री दहाला 'बाबांचा फोन होता, तिकडे साडेअकरा वाजलेत' म्हणाला, की भूगोल पक्का असलेली मैत्रीण गप्प होते. कथा 2016 मधली असेल, तर तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शनिवार-रविवारची 2022 पासून आली. म्हणजे 'रविवारी बाबांना सुट्टी, तेव्हा निवांत बोलतात' ही दुसरी फट. शेजारच्या काकांचा भाऊ शारजात असेल, तर त्यांच्या ते लगेच लक्षात येईल, तरी ते बोलणार नाहीत. का बोलत नाहीत, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं. आईचंही तसंच. तिच्या कानावर ही थाप कधी येते आणि ती का खोडत नाही, हे आधी ठरव.

दोनशे पानांना मोठी थाप एकच पुरे. तिच्या आधाराच्या चार-पाच. बाकीच्या बिनकामाच्या: डब्यात काय होतं, बस का चुकली. नवे लेखक नेमक्या याच गाळतात आणि पात्र हातचं जातं. फायद्यापुरतं खोटं बोलणारा मुलगा नुसता लबाड वाटतो. सवय लागलेला मुलगा गरज नसताना बोलून जातो आणि मग स्वतःच दचकतो. ते दचकणं लिही.

प्रथमपुरुषी निवेदन घेतलंस तर तो वाचकालाही फसवणार. हरकत नाही, पण पहिल्या वीस पानांत एक छोटी थाप वाचकाला पकडू दे. चौथ्या पानावर सायकल निळी, अठराव्यावर लाल, आणि कुणी टोकल्यावर त्याची सारवासारव. सारवासारव नसेल तर वाचक ती तुझी चूक समजेल. 'हे सगळंच खोटं होतं' असा शेवट मात्र करू नकोस. दोनशे पानं सोबत चाललेल्या माणसावर तो अन्याय आहे.

या सवयीचं वर्णन आन्टोन डेलब्र्यूक या मानसोपचारतज्ज्ञानं 1891 मध्येच केलं, तरी आजही ती स्वतंत्र आजार म्हणून नोंदली जात नाही. तेव्हा शेवटी डॉक्टर आणून निदान करवू नकोस. शाळेच्या प्रार्थनेत सर्वांसमोर कबुली देण्याचा प्रसंगही टाळ. जिथं थाप सहज पचली असती अशा साध्या जागी तो एकदा खरं बोलतो, आणि समोरच्याचा विश्वासच बसत नाही. वयात येणं दाखवायला एवढं पुरतं.

पुढच्या पत्रासोबत वहीची पहिली दहा पानं पाठव. प्रकरणं नंतर पाहू.