कॉमिक्समधलं पात्र वाचकाशी बोलतं आणि नाटकातला नट प्रेक्षकांशी बोलतो, हे एकच का?

कॉमिक्समधला नायक डेडपूल जसा मधेच वाचकाकडे वळून बोलतो, तसं तुमच्या एकांकिकेतल्या नायकाला प्रेक्षकांशी बोलायला लावलं तर चालेल का, आणि दोन्हीकडे युक्ती एकच आहे का, असं तुम्ही विचारलंय. चालेल की! पण युक्ती एकच नाही. हे मला वडोदऱ्यात गणेशोत्सवातल्या एका प्रयोगात कळलं.

दांडिया बाजारात आमची एकांकिका होती. माझ्या पात्राची नोकरी गेलेली असते आणि ते बायकोपासून लपवत असतं. एका जागी मी पुढे येऊन प्रेक्षकांना विचारायचं, "तुम्हीच सांगा, आता मी काय करू?" पहिल्या रांगेत एक गुजराती बा बसल्या होत्या. त्या अगदी कळवळून म्हणाल्या, "कही दे ने, बेटा!" मला ते स्वच्छ ऐकू आलं. तरी मी पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हटलं: "गप्प का? म्हणजे तुमच्याकडेही उत्तर नाही." बांचा चेहरा उतरला आणि त्यानंतर अख्खं सभागृह आमच्यापासून लांब गेलं. दिग्दर्शक नंतर एवढंच म्हणाला, "विचारलंस ना? मग ऐकायचं."

बांचं काही चुकलं नव्हतं. भवाई या गुजरातच्या लोकनाट्यात रंगलो नावाचं पात्र असतं. ते नायकाला मधेच अडवतं, लोकांच्या मनातली शंका मोठ्यानं विचारतं, समोर बसलेल्यांनाही बोलण्यात ओढतं. आपल्या कीर्तनातही बुवांनी "पुंडलिक वरदा" म्हटलं की "हरि विठ्ठल" श्रोत्यांनीच म्हणायचं असतं. नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक न दिसणारी भिंत मानतात, आणि नट प्रेक्षकांशी बोलला की ती 'मोडली' म्हणतात. पण तिथे मोडायला भिंत आहेच कुठे?

संस्कृत नाटकातली एक गोष्ट मला फार आवडते. 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीच्या गाण्यात इतका रमतो की आज कोणतं नाटक करायचंय तेच विसरतो, आणि नटी त्याला आठवण करून देते. हे सगळं प्रेक्षकांसमोर, उघड. शिवाय 'जनान्तिक' नावाचा संकेत आहे. अनामिका वाकवलेला त्रिपताक हात मधे धरला की त्यापलीकडच्या पात्राला बोलणं ऐकू येत नाही असं धरायचं. प्रेक्षक मात्र सगळं ऐकतात. म्हणजे भिंत होती, पण पात्रापात्रांमध्ये, आणि तीही एका हाताची. प्रेक्षकांकडची बाजू उघडीच.

तिकडची भिंत फ्रान्समधल्या दिदरोनं 1758 मध्ये सुचवली: नटांनो, रंगमंचाच्या कडेला एक मोठी भिंत आहे आणि पडदा उघडलेलाच नाही, असं समजून वागा. मराठीत ती वास्तववादी नाटकाबरोबर पक्की झाली. 1933 चं 'आंधळ्यांची शाळा' हा त्यातला ठळक टप्पा. मग 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल'नं माणसांचीच भिंत उभी केली. ब्राह्मणांची रांग पाठ फिरवून उभी राहिली की मागचं झाकलं जातं, तोंड वळवलं की तीच रांग गाऊ लागते. म्हणून आपल्या रंगभूमीबद्दल बोलताना 'मोडणं' हा शब्द मला खटकतो. बऱ्याचदा ते जुन्या घरी परतणं असतं.

कॉमिक्सचं वेगळं आहे. तिथे खोली नाही, कागद आहे. त्यामुळे खरी गंमत कागद मोडण्यात असते. विन्सर मॅकेच्या 1905 च्या एका चित्रमालिकेत सॅमी नावाचा मुलगा असा शिंकतो की त्याच्याभोवतीच्या चौकटीच्या रेघाच तुटून त्याच्या अंगावर पडतात. वाचकाशी एक अक्षर न बोलता! जॉन बर्नच्या कॉमिक्समधली नायिका शी-हल्क 1989 पासून लेखकाशीच भांडते, पान फाडून जाहिरातींच्या पानांवरून चालत पुढे जाते. आणि ग्रँट मॉरिसनच्या 'ॲनिमल मॅन'मध्ये 1990 साली नायक वळून थेट आपल्याकडे बघतो, त्याला आपण दिसतो. ते पान पाहताना मी खरोखर पुस्तक बाजूला ठेवलं होतं. आपण त्याच्यासाठी काहीच करू शकत नाही, कारण त्याला आपण दिसलो तरी आपलं ऐकू येणार नाही. पुढे तो आपल्या लेखकाला भेटतो, दाद मागतो. त्या भेटीतलं दुःख कागदावरच शक्य आहे.

नटाला मात्र ऐकू येतं. डेडपूलची वाक्यं उचलून नटाच्या तोंडी घातली की नेमकं हेच हातातून जातं. तो बहिऱ्यासारखा बोलत राहतो आणि प्रेक्षकांना ते लगेच कळतं.

म्हणून नायकानं प्रश्न विचारला की संहितेत कंसात 'थांबतो' असं लिहा, आणि पुढची दोन वाक्यं तयार ठेवा: एक उत्तर आलं तर, एक नाही आलं तर. तालमीला नाटक माहीत नसलेली चार-पाच माणसं रोज नवी बसवा. आम्ही दोन दिवसांनी दुसऱ्या मंडळात पुन्हा प्रयोग केला तेव्हा मी थांबलो. मागून कुणीतरी "सांगू नकोस" म्हणालं, एका काकूंनी लगेच "सांग रे!" म्हणून त्यांना दटावलं. मी आधी मागे बघितलं, मग काकूंकडे. पाठ केलेलं वाक्य मी घेतलंच नाही, तसाच वळून बायकोच्या पात्राकडे गेलो.