एडीएचडी असलेल्या मुलाला घेऊन इंग्लंडला येताना

पुण्याहून रेडिंगला येताय, मुलगा आठ वर्षांचा, एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मेथिलफेनिडेट हे औषध चालू आहे. इथे गोळ्या मिळतील का, असं विचारलंय तुम्ही. मिळतात, आणि इंग्लंडमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना फुकट. पण आपल्याकडचं प्रिस्क्रिप्शन इथल्या फार्मसीत चालत नाही. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, तज्ज्ञाकडे पाठवतो, डोस तज्ज्ञ बसवतो, आणि तो स्थिरावला की 'शेअर्ड केअर'खाली जीपी पुढची प्रिस्क्रिप्शनं लिहितो. तेही जीपी तयार असला तर! तज्ज्ञाची रांग महिनोन्‌महिन्यांची, काही ठिकाणी वर्षांची. म्हणून घराचा पत्ता मिळाला की आधी जीपीकडे नाव नोंदवा, आणि 'राइट टू चूज'बद्दल (तज्ज्ञ सेवा कुठे घ्यायची ते आपण निवडायचा हक्क) तुम्हीच विचारा, आपण होऊन सगळेच सांगत नाहीत.

तीन महिन्यांपेक्षा कमी पुरतील इतक्याच गोळ्या आणल्या तर डॉक्टरांचं सहीचं पत्र पुरतं. तीन महिन्यांच्या किंवा त्याहून जास्त गोळ्यांना होम ऑफिसचा, म्हणजे इथल्या गृहखात्याचा, परवाना लागतो. पत्रात मुलाचं नाव, प्रवासाच्या तारखा, औषधाचं मूळ नाव, डोस आणि एकूण गोळ्या हव्यात. नुसतं 'इन्स्पिरल' हे आपल्याकडचं ब्रँडचं नाव लिहिलं तर इथे कुणाला कळणार? निदानाचा पूर्ण अहवाल आणि वजन, उंची, बीपीच्या नोंदी हातातल्या बॅगेत ठेवा.

शाळेत 'सेन्को' असतात, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांचं बघणारे शिक्षक. त्यांना आधीच मेल करा. इथलं निदान हातात नसलं तरी शाळेने मदत करायची असते.

बाकी सगळं घरच्या वेळापत्रकावर. गोळीने दुपारची भूक मरते, म्हणून आमच्याकडे आधी थालीपीठ-लोणी, मग गोळी. डबा अर्धा परत येतो. त्यावरून बोलायचं नाही. संध्याकाळी औषध उतरलं की भूक आणि चिडचिड एकदमच येतात, तेव्हा शाळेच्या गेटवरच हातात केळं द्यायचं. (दाण्याचा लाडू डब्यात नको, बऱ्याच शाळांत शेंगदाणा चालत नाही.) जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो. 'अजून दिवस आहे, झोपू कशाला?' याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी जाड काळे पडदे लावले.

ऑगस्टच्या सुरुवातीला येऊ शकलात तर बघा. शाळा सप्टेंबरात सुरू होते, झोपण्या-उठण्याची घडी बसवायला महिनाभर मिळेल. जानेवारीत आलात तर लगेचच शाळेत.