भावाला त्याच्या आजाराचं नाव सांगू का?

“मावशी, माझा 24 वर्षांचा भाऊ तीन आठवडे दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितलाय. आम्ही त्याला ‘अशक्तपणा आहे, ताकदीच्या गोळ्या घे’ एवढंच म्हणत आलो. मागच्या वर्षी बरं वाटल्यावर त्याने गोळ्या सोडल्या आणि पुन्हा कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. आता वॉर्डात रुग्णांना आजार समजावून सांगणारा गट आहे. आई म्हणते, पाठवू नका, खचेल. तो मात्र विचारतो, ‘ताई, मला काय झालंय?’”
– एक बहीण, सातारा

बाळ, त्याला त्या गटात जाऊ दे. अशक्तपणाच्या गोळ्या अंगात ताकद आली की कुणीही सोडतो. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढंच झालं. बरं वाटल्यावरही हे औषध चालू ठेवावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि हा त्याचा हक्क आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 22 प्रमाणे आजार काय, उपचार कोणते, औषधांचे त्रास कोणते, हे रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत सांगायलाच हवं. भरतीच्या वेळी समजण्याची स्थिती नसेल, तर ती आल्यावर लगेच.

सगळं एका दमात मात्र सांगू नका. या आजारात लक्ष पटकन उडतं. पंधरा-वीस मिनिटं पुरे. सुरुवात त्याच्या त्रासापासून करा. आवाज खोटे आहेत म्हणून वाद घालू नकोस. “तुला ऐकू येतात, मला येत नाहीत; तुला किती भीती वाटत असेल” एवढं म्हण. गोळ्यांनी वजन वाढतं का, हात थरथरतात का, पाय स्वस्थ राहत नाहीत का, हे त्याला मोकळेपणी विचार. असे त्रास मुकाट सोसत माणसं गुपचूप औषध टाकतात. डॉक्टरांना कळलं तर डोस किंवा औषध बदलता येतं.

मागच्या वेळी आधी काय बिघडलं होतं? झोप? जेवण? दार लावून बसणं? ते घरी येण्याआधी त्याच्याच अक्षरात एका कागदावर लिहून घ्या. खाली, असं झालं तर कुणाला सांगायचं, तेही. रात्री-अपरात्री अडलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे.

आईलाही डॉक्टरांसमोर बसव. या आजाराला आपलं वळण किंवा संस्कार कारण नसतात, हे तिने त्यांच्या तोंडून ऐकायला हवं. मला वाटतं, तिची खरी भीती तिथे आहे.

उद्या त्याने विचारलं, तर त्याच्याजवळ बस आणि सांग, “तुझ्या आजाराला नाव आहे, औषध आहे. आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू.”

– मावशी