लेकीला मायक्रोआरएनए करायचंय, पण नोकरीचं काय?

वारज्याहून एका आईंचं पत्र आहे. मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला, विषय बायोटेक्नॉलॉजी. आजोबांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, तेव्हापासून तिने मनाशी पक्कं केलंय: मायक्रोआरएनएच्या जनुकांतल्या बदलांवरून हा रोग आधीच हेरता येतो का, यावरच संशोधन करायचं. आई विचारतात, "यात पोटापाण्याचं काय? की एमबीएकडे वळवू?"

नमस्कार ताई,

एमबीएचं तूर्त राहू द्या. मुलीने धरलेला विषय पोकळ नाही. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ रासायनिक अक्षरांचा इवलासा रेणू. कुठल्या जनुकाने किती प्रथिन बनवायचं, याला तो लगाम घालतो. १९९३ मध्ये तो एका सूक्ष्म कृमीत पहिल्यांदा सापडला आणि २०२४ चं नोबेल त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं.

पण त्यावरून रोग आधीच हेरणं सोपं नाही. मिर-१४६ए या मायक्रोआरएनएच्या जनुकाचंच बघा. त्यात एका जागी काहींमध्ये 'जी' हे डीएनएचं अक्षर असतं, काहींमध्ये 'सी'. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या रक्तातून डीएनए काढायचा, पीसीआर लावून हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या, ठराविक अक्षरांवरच कापणाऱ्या एन्झाइमने तो तुकडा कापायचा आणि जेलवर पट्टे बघायचे: एक, दोन की तीन, त्यावरून अक्षर कळतं. साध्या लॅबमध्येही जमतं, म्हणून असे अभ्यास ढिगाने झाले. निकाल मात्र जुळत नाहीत. एकीकडे संबंध दिसतो, दुसरीकडे काहीच नाही. अनेकदा रुग्ण थोडे असतात आणि एका अक्षराचा परिणाम मुळातच एवढुसा. त्यामुळे यावरून आज कुणाचं निदान होत नाही. याउलट, गाठीच्या तुकड्यात केआरएएस जनुक तपासून औषध ठरवणं हे आता नेहमीचं काम आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पट्टे बघणारे पुण्यात पुष्कळ, त्यांचा हिशेब कळणारे कमी. वीस बदल तपासले की एखादा निव्वळ योगायोगाने 'सापडतो' तो कसा, नमुना किती मोठा हवा, ऑड्स रेशो (रुग्ण आणि निरोगी गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) काय सांगतो, हे तिला यायला हवं. संख्याशास्त्र, 'आर' किंवा पायथॉन ही संगणकाची भाषा, थोडं लिनक्स. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचलेत. असल्या माहितीवर काम करायला हेच लागतं. हे हाताशी असलं की उद्या मायक्रोआरएनएची हवा ओसरली तरी बिघडत नाही.

वाट अशी: गॅट-बी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी, एम.एस्सी. करावी. पुढे पीएच.डी. करायची तर पुणे विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस आणि पाषाणचं आयसर या संशोधन संस्था गावातच आहेत. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती निघाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. तिशी गाठेपर्यंत 'सेटल' हा शब्द घरात काढायचा नाही, एवढं आत्ताच ठरवा. पीएच.डी. नको असेल तर मॉलिक्युलर डायग्नोस्टिक्सच्या (डीएनए-आरएनए तपासून निदान करणाऱ्या) लॅब आणि क्लिनिकल डेटाची कामं आहेत. सुरुवातीचा पगार आयटीतल्या चुलतभावाशी ताडून बघू नका.

जाता जाता तुम्ही ऑनलाइन मिळणाऱ्या, लाळेतून डीएनए तपासणाऱ्या टेस्टबद्दल विचारलंय. माझा प्रांत नाही, तरी सांगतो: घाई नको. आजोबांना कितव्या वर्षी रोग झाला, आणखी कुणाला होता का, हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, कुणाची, कधी, ते सांगतील.

लेकीला म्हणावं, सुट्टीत मिर-१४६ए वरचा एक शोधनिबंध घे आणि त्यातल्या कोष्टकावरून ऑड्स रेशो स्वतः काढून बघ. मजा आली तर गॅट-बीचा फॉर्म भरा. कंटाळा आला तर मला पुन्हा लिहा, दुसरं काही बघू.