नस दबली ते ठीक, पण चपलेचं काय?

अगं,

तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला. कमरेतून पायात उतरणाऱ्या त्या कळेवर, म्हणजे सायटिकावर, गोळ्या, ट्रॅक्शन (कमर ताणून धरणं), पट्टा, इंजेक्शन, ऑपरेशन, सगळं सगळं विचारलंस आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंस की डाव्या पायातली चप्पल हल्ली चालताना निसटते. मी असतो तर हेच पहिल्या ओळीत लिहिलं असतं! इतकी वर्षं फिजिओचं काम करतोय, पेशंट कळ किती येते ते तासभर सांगतात, पण घाई करायची की थांबायचं हे कळेपेक्षा ताकदीवर जास्त ठरतं.

रिपोर्टमध्ये एल४-एल५, म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, लिहिलंय ना, त्यांच्यामधली गादी (डिस्क) पायात जाणाऱ्या डाव्या एल५ नसेवर आलीये. पाऊल आणि अंगठा वर उचलायचं काम बरंचसं याच नसेचं. म्हणून आधी भिंतीला हात टेकून दहा पावलं फक्त टाचांवर चालून बघ, दोन्ही चवडे सारखे वर राहतात का ते. मग अंगठा वर धर आणि घरातल्या कोणाला तरी तो खाली दाबायला सांग. डावा हरत असेल तर पुढचं सगळं नंतर वाच, एक-दोन दिवसांत स्पाइन सर्जनला गाठ. आणि लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पाय लुळे वाटायला लागले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट इमर्जन्सीत जायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आता समजू की ताकद ठीक आहे, नुसतीच कळ आहे.

एमआरआय बघून धसका घेऊ नकोस. 1994 मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या निम्म्यांच्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. आणि गंमत म्हणजे गादीचा तुकडा मोठा असेल, तुटून बाहेर आलेला असेल तर शरीर तो शोषून घेण्याची शक्यता उलट जास्त असते. त्यात नुसतं दाबल्यामुळे एवढी आग होत नाही, गादीतल्या गराने नसेला सूज येते म्हणून होते, ती उतरली की एमआरआय तोच असूनही माणूस चालायला लागतो.

गोळ्यांचं थोडक्यात सांगतो. साध्या सूज-दुखीच्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो, पोट आणि किडनी सांभाळून. तुला दिलेलं प्रीगाबालिन, ते नसेच्या दुखण्याचं औषध, सायटिकात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही, 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात 209 पेशंटवर बघितलंय, चक्कर मात्र जास्त जणांना आली. पण म्हणून उद्या मनानेच बंद करू नकोस हं, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायचं असतं. पट्टा आणि ट्रॅक्शनवर मी पैसे घालवणार नाही.

झोपून राहण्याबद्दल तर मी बोलूच नये, कारण माझी स्वतःची एस१ नस (एल५ च्या खालची) धरली तेव्हा मी, फिजिओ असून, पंधरा दिवस आडवा होतो आणि उठलो तेव्हा कळ तेवढीच आणि पाय काड्या झालेले. नेदरलँड्समध्ये 183 जणांवर हे तपासलं होतं, 12 आठवड्यांनी झोपलेले आणि न झोपलेले दोघेही सारखेच, 87 टक्के सुधारलेले. तेव्हा थोडं थोडं चाल, दर अर्ध्या तासाने उठ. व्यायाम करताना कळ पोटरीतून वर मांडीत, मांडीतून कमरेत सरकली तर कमर जास्त दुखली तरी चालेल, ती चांगली खूण. खाली पावलाकडे उतरली तर तो व्यायाम बंद.

पाठीतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन म्हणजे उसनी मिळालेली झोप. काही जणांना काही आठवडे बरं वाटतं, तेवढ्यात चालणं सुरू होतं, झालं. ऑपरेशन टळेल या आशेने एकामागून एक घेत बसू नये.

आणि ऑपरेशन. 2007 मध्ये नेदरलँड्समध्येच 283 पेशंट घेतले होते, 6 ते 12 आठवडे जबरदस्त सायटिका असलेले. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं. लवकरवाले साधारण 4 आठवड्यांत बरे, थांबलेले 12 आठवड्यांत, आणि वर्षाअखेरीस दोन्हीकडे 95 टक्के बरे. अर्थात थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांनी मध्येच कंटाळून ऑपरेशन करून घेतलंच. म्हणजे तू विचारतेस तसं 'कशाने बरं होतं' असा हिशोब नाहीये, ते मधले आठ आठवडे तुला झेपतात का, रात्री झोप लागते का, नोकरी थांबेल का, असा आहे, आणि तो सर्जनला करता येत नाही, तुलाच करावा लागेल. ऑपरेशनने पायाची कळ जाते, कमरेचं दुखणं तितकंसं नाही, बधिरपणा तर महिनोन्‌महिने रेंगाळतो, आणि थोड्या लोकांची गादी तिथेच परत बाहेर येते. हे सर्जनने स्वतःहून सांगितलं नाही तर तू विचार.

पण हे सगळं नंतर. आज टाचांवर चालून बघ आणि रात्री फोन कर, डावा चवडा कितव्या पावलाला खाली आला तेवढं सांग.